परत आलेली शुभेच्छापत्रे

शनिवार, रात्री

आक्काचे घर आवरताना भाच्याला पत्र्याचा एक डबा सापडला आणि चिपळूणहून येताना तो आठवणीने घेऊन आला. मी आक्काला पाठवलेली दिवाळीची, संक्रांतीची, पाडव्याची सगळी शुभेच्छापत्रे त्यात आहेत. "मावशी, ही तुझीच आहेत, तुझ्या वहीत लाव," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात मायाच होती. तरी ते ऐकून मला जे लागले, ते अजून शमलेले नाही.

पत्र एकदा पेटीत टाकले की ते पाठवणाऱ्याचे राहत नाही, असेच मी आजवर मानत आले. माझी वही मला आलेल्या पत्रांची आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद आणून, दर दोन पानांमागे पुठ्ठ्याची अरुंद पट्टी शिवून मी ती बांधली, कारण अशी पट्टी नसेल तर पत्रांच्या जाडीने वही फुगते आणि बांधणी तुटते. पत्र मी कधीही पूर्ण चिकटवत नाही. सेलोटेप काही वर्षांत तपकिरी होऊन कागदावर डाग सोडते, फेविकॉलने चिकटलेले पत्र फाटल्याशिवाय सुटत नाही आणि कणकेच्या खळीला कसर लागते. म्हणून चारही कोपऱ्यांना कागदी खोबण्या करून त्यांत पत्र अडकवते. म्हणजे ते काढता येते, उघडता येते, आतले वाचता येते. घडीच्या पत्राचा जीव आतच असतो.

आक्काच्या पत्रांच्या आत मात्र वाचण्यासारखे कधीच काही नव्हते. सोनेरी शाईतली पणती किंवा आकाशकंदील, खाली छापील चार ओळी आणि त्याखाली "सौ. आक्का व मंडळी". दर वर्षी तेवढेच. ती सगळी बुक पोस्टाने यायची, पाकिटाची झडप न चिकटवता आत खोचलेली. बुक पोस्टाला हशील कमी असे, पण त्यात पत्रासारखा मजकूर लिहायचा नाही, हा तेव्हाचा टपालखात्याचा नियम होता. त्या घरात तिकिटांचे पैसे कोणाच्या हातात असत, हे मला ठाऊक होते. तरीही मी मात्र पाकीट चिकटवून, पूर्ण तिकीट लावून, छापील मजकुराच्या समोरची कोरी बाजू काठोकाठ भरून पाठवत असे आणि दर दिवाळीत तिचे उघडे पाकीट हातात आले की मन थोडे खट्टू होई. हिला माझ्याशी बोलायचेच नाही का, असे वाटत राही. विचारले कधीच नाही. आता तर विचारायला, असो.

आणि आता माझे सगळे बोलणे माझ्याकडेच परत आले आहे. पहिल्या रात्री डबा उघडला तेव्हा मनात एवढेच होते, की जिला लिहिले ती नाही आणि लिहिलेले जसेच्या तसे शिल्लक आहे. पत्ता न सापडल्याने परत आलेले टपाल हातात घेताना जसे वाटते, तसेच वाटले. स्वतःच्या अक्षरातला तो उत्साह वाचवेना. त्या रात्री मी फार रडले, हेही इथे लिहून ठेवते.

आज दुपारी मात्र एकेक पत्र खिडकीशी नेऊन नीट पाहिले. जपणूक ओळखायला मी शिकले आहे आणि ही जपणूक माझ्याहून काटेकोर आहे. प्रत्येक पत्र आपापल्या पाकिटात आहे. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने, शाईने नव्हे, पत्र मिळाल्याची तारीख आहे. पाकीट फाडलेले एकही नाही. सगळी कडेने सुरीने कापलेली आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात शाई फुटते, कागदाला बुरशी धरते, पाने एकमेकांना डकतात. यांतले काहीही झालेले नाही, कारण डब्यात डांबरगोळ्या आहेत आणि पत्रांमध्ये टीपकागद घातलेला आहे. एका संक्रांतीच्या पत्राला मी हलव्याची चिमुकली पुडी लावली होती. साखरेला ओल सुटते, मुंग्या येतात, म्हणून असा हलवा पत्रासोबत कधीच ठेवू नये. आक्काने पुडी एका बाजूने अलगद उघडून हलवा काढून घेतला होता आणि रिकामी पुडी होती तिथेच ठेवली होती. खाल्ला असेल ना तिने?

शिवाय 2021 च्या जुलैतला तो पूर. वाशिष्ठीचे पाणी त्यांच्या खालच्या खोल्यांत शिरले, तेव्हा कपाटातले फोटोंचे अल्बम गेले, मुलांच्या शाळेचे कागद गेले. हा डबा वाचला, कारण तो माळ्यावर होता. तो आधीपासून तिथे होता की त्या सकाळी कोणी उचलून वर नेला, हे भाच्यालाही सांगता आले नाही.

पत्रांच्या घड्या मऊ पडल्या आहेत. ठेवून दिलेल्या कागदाची घडी कडक राहते, वारंवार उघडलेल्याची मऊ पडते. हे मला कुणी सांगायला नको होते, इतकी पत्रे माझ्या हातांखालून गेली आहेत. मग ती माझ्याशी बोलत नव्हती, हे मी कशावरून धरून चालले? तिच्या छापील ओळींवरून. ते दुःख अजूनही आहेच, लिहिलेले दोन शब्द मला हवेच होते. पण त्याची धार आज कमी झाली आहे आणि ती कमी झाल्याचे मला वाईटही वाटत नाही.

ही पत्रे माझ्या वहीत लागणार नाहीत, एवढे आज ठरले. ती आक्काला आलेली आहेत. तिच्यासाठी वेगळी वही बांधेन, पाकिटांसकट लावता येतील अशी मोठ्या पानांची, पेन्सिलीतली तारीख दिसावी म्हणून एका कडेने उघडणाऱ्या कप्प्यांची. पहिल्या पानावर तिचे नाव, पत्त्यावर लिहीत असे तसेच, पूर्ण. ती वही चिपळूणला राहील. भाच्याला तसे फोनवर सांगितले, तेव्हा तो जरा थांबून हो म्हणाला. ओल येऊ नये म्हणून टीपकागद दर पावसाळ्यानंतर बदलायचा आणि वही काही झाले तरी खालच्या कपाटात ठेवायची नाही, हेही त्याला सांगून ठेवले आहे.