उंदरांवर कसला अभ्यास?

खानापूरकडच्या पाहुण्यांत गेलं की हा प्रश्न ठरलेला. “काय ओ बाई, उंदरांना पोरं होईनात असं कधी ऐकलंय काय? आणि तुम्ही त्यांच्या वंध्यत्वाचं शिकवताय!” भाताची पोती कुरतडून घेतलेल्या माणसानं असं म्हणणं रास्तच आहे. मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकवते. तेव्हा एकदाचं सांगूनच टाकते.

उंदराची मादी विसेक दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज. इतकी हमखास विणारी मादी एकच जनुक काढल्यावर विणायची थांबली, की त्या जनुकाचं काम उघडं पडतं. म्हणून उंदीर.

सुरुवातीला नर असो वा मादी, प्रत्येक गर्भात म्युलेरियन नळ्यांची जोडी असते. नरात वृषणाचं एक संप्रेरक ती विरवून टाकतं. मादीत त्याच जोडीचं गर्भाशय होतं. ‘विंट-४’ हे जनुक नसेल तर या नळ्या तयारच होत नाहीत. ‘हॉक्स-ए-१०’ नसेल तर गर्भाशय होतं, पण त्याचा वरचा भाग बीजवाहिनीसारखा घडतो आणि गर्भ नीट रुजत नाहीत.

मला सगळ्यांत आवडतो तो ‘लिफ’चा प्रयोग, १९९२ सालचा. हे जनुक नसलेल्या माद्यांमध्ये बीज फळत होतं, भ्रूण गर्भाशयापर्यंत पोचत होते, पण रुजत नव्हते. तेच भ्रूण काढून दुसऱ्या, धडधाकट मादीच्या गर्भाशयात सोडले, तर रुजले आणि पूर्ण वाढले. म्हणजे भ्रूणात खोट नव्हती. कमी होतं ते गर्भाशयातल्या ग्रंथींतून रुजण्याच्या वेळी पाझरणारं, या जनुकामुळं बनणारं प्रथिन, त्याचंही नाव लिफच. गंमत अशी, की पिल्लू जन्मतं तेव्हा या ग्रंथी नसतातच, त्या नंतर फुटतात, आणि त्यासाठी ‘फॉक्स-ए-२’ हे आणखी एक जनुक लागतं. ते काढलेल्या माद्यांना लिफ टोचलं की भ्रूण रुजतात. पण ज्यांच्यात ते ग्रंथी फुटण्याआधीच काढलं आणि म्हणून ग्रंथीच नाहीत, त्यांचा गर्भ पुढं टिकत नाही. नुसतं रुजून भागत नाही, हे २०१७ मध्ये असं दिसलं.

इथवर आलं की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, “मग आमच्या सुनेला ते इंजेक्शन मिळंल काय?” नाही. वारंवार भ्रूण न रुजणाऱ्या स्त्रियांना लिफ देऊन पाहिलं गेलं. २००९ मध्ये निष्कर्ष आला, फायदा झाला नाही. उंदराला शिंगांसारख्या दोन फाट्यांचं गर्भाशय, बाईला एकसंध. तिच्या ग्रंथी जन्माआधीच घडू लागतात. उंदराचं उत्तर जसंच्या तसं उचलता येत नाही. मी एवढंच सांगते, की डॉक्टरांकडे जा, आणि जाताना पोरगाही बरोबर न्या. तपासणी दोघांचीही व्हायला पाहिजे. यावर बहुतेक वेळा चहा येतो आणि विषय पावसावर जातो.