दोन क्रेडिटांचा विषय

आज दुपारी ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयांची, अंतिम यादी लागली आणि तिच्यात तत्त्वज्ञान नव्हते. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यामुळे हा विषय या सत्रात चालवला जाणार नाही, ज्यांनी तो निवडला असेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत पोर्टलवर दुसरा विषय भरावा, एवढीच सूचना खाली होती. मी कार्यालयात विचारायला गेले. तेथील बाई मनाने चांगल्या आहेत, वसतिगृहाच्या अर्जाच्या वेळी त्यांनीच मला सांभाळून घेतले होते. आजही त्या मायेनेच म्हणाल्या, "अगं, दोनच क्रेडिटचा तर विषय आहे. दुसरा कोणताही घेतलास तरी काय फरक पडतो?"

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले, मेसमध्ये जेवण झाले, घरी फोनही झाला, आणि तरी ते वाक्य मनातून हललेले नाही. विषय गेला याचे वाईट वाटणे मला समजते. त्या प्रश्नाने जे वाटले ते मात्र निराळे आहे, आणि ते नेमके काय आहे हे कळावे म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. सत्राच्या बावीस क्रेडिटांत हा वाटा लहानच आहे, हे मलाही दिसते. पण नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, हे जेव्हा आम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितले गेले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांना ती सक्ती वाटली आणि मला परवानगी वाटली. सांख्यिकी घेतलेल्या मुलीने तत्त्वज्ञानाच्या तासाला बसावे, असे इतकी वर्षे मला कोणीच सुचवले नव्हते. दहावीनंतर शाखा निवडताना घरी जे बोलणे झाले ते आता उगाळत नाही. ताई कला शाखेला होती, तिचे अकरावीचे तर्कशास्त्राचे पुस्तक मी सुट्टीत वाचून काढले होते, आणि ते वाचताना गणितात मिळतो तोच आनंद मला शब्दांत मिळाला होता. तिचे शिक्षण पुढे का थांबले, तेही आज नको.

त्या पुस्तकामुळेच पुढे वाचनालयातून न्यायदर्शनावरचे, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनावरचे, एक पुस्तक आणले. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान नैयायिक, म्हणजे त्या दर्शनाचे विचारवंत, पाच पायऱ्यांनी मांडतात: प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण समोरच्या बाबीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). मला खरे थांबवले ते त्याच्या पुढच्या भागाने. धुरावरून अग्नी ओळखता येतो, मग अग्नीवरून धूर का ओळखता येत नाही? कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला नुसता अग्नी पुरत नाही, सरपण ओले असावे लागते. ही जी न सांगितलेली, मागे दडून बसलेली अट आहे, तिला ते उपाधी म्हणतात, आणि ती सापडली की वरवर बिनचूक दिसणारे अनुमान कोसळते. गेल्या आठवड्यात सर सहसंबंध शिकवत असताना म्हणाले की दोन चले (बदलत्या राशी) एकत्र वाढताना दिसली म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, मागे तिसरे एखादे चल काम करत असू शकते. मला तत्काळ ते ओले सरपण आठवले आणि वर्गात एकटीलाच इतका आनंद झाला की पुढची दोन उदाहरणे माझ्या वहीत उतरलीच नाहीत.

या दोन्ही गोष्टी एकच आहेत असा माझा दावा नाही. नैयायिकांना एकही अपवाद नसलेला नियम हवा असतो, आणि आमचे शास्त्र अपवाद धरूनच चालते, ते किती असतील याचा अंदाज बांधते. मग त्या दोहोंत खरोखर साम्य किती आणि मला भासलेले किती? हा प्रश्न एकटीने सुटणारा नाही. तो विचारायला मला समोर माणूस हवा होता आणि ते तीस तास हवे होते. बाईंच्या प्रश्नाचे माझ्याजवळ उत्तर होते तर ते हे होते, पण खिडकीपाशी माझ्यामागे रांग उभी होती आणि असे काही मोठ्याने बोलायचे धैर्य मला झाले नाही.

संध्याकाळी स्वतःची फार कीव आली. ज्या अमळनेरात मी वाढले तेथे एका कापड गिरणीच्या मालकाने, प्रतापशेठजींनी, 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभारली. साने गुरुजी गावात आले ते आधी त्या संस्थेत शिकायला, शिक्षक झाले ते नंतर. लहानपणी त्या इमारतीवरून जाताना मला वाटायचे की प्रत्येक गावात असे एखादे ठिकाण असतेच. पुणे तर विद्येचे माहेरघर, आणि येथे एवढ्या मोठ्या महाविद्यालयात मला हवा असलेला विषय आणखी पुरेशा मुलांना हवा होऊ नये, याने मला परके वाटले. इतर गोष्टींनीही वाटते, पण त्या सवयीच्या होतील.

आता रात्री पुन्हा त्याच वाक्याकडे येते तेव्हा वाटते की बाईंच्या बोलण्यात चूक शोधणे बरोबर नाही. त्यांच्यापुढे रोज अशी मुले येतात ज्यांना खरोखरच फरक पडत नाही, आणि पडू न देण्याची त्यांची कारणे रास्त असतात. माझ्या शेजारी बसणारी मुलगी दुपारी एका दुकानात हिशेब लिहायला जाते, म्हणून तिने सकाळच्या तासाचा विषय घेतला. सासवडहून रोज ये-जा करणाऱ्या दोघांनी एसटीची वेळ पाहून निवड केली. कोणी मानसशास्त्र घेतले कारण ते नाव ओळखीचे होते. तत्त्वज्ञानाच्या तासाला काय असते हे त्यांना कोणी सांगितले तरी होते का? यादीत नुसते शीर्षक होते. आणि ज्या विषयाला मोजकीच मुले आली तो शिकवायला माणूस नेमायचा, खोली द्यायची, वेळापत्रक जुळवायचे, ही महाविद्यालयाची अडचणही खोटी नाही. मला लागले ते कोणाच्या वागण्याने नव्हे. आपल्याला जे फार महत्त्वाचे वाटते ते दुसऱ्याला सहज बदलता येण्याजोगे दिसू शकते, हे पहिल्यांदाच एवढे जवळून पाहिले, त्याने लागले. हे लिहिल्यावर थोडे हलके वाटते, पूर्ण नाही.

उरलेल्या विषयांत अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, पर्यटन भूगोल, मानसशास्त्र आणि महाराष्ट्रातील समाजसुधारणेचा इतिहास आहे. अर्थशास्त्र माझ्या मेजरला सोयीचे पडेल असे दोघांनी सुचवले, आणि ते खरेही आहे. पण मी इतिहास भरला. आगरकरांनी एम.ए.ला इतिहास आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विषय घेतले होते, आणि बालविवाहासारख्या रूढीवर लिहिताना ते ज्या पद्धतीने एकेक कारण तपासत पुढे जातात, त्यात तर्कशास्त्र मला पानोपानी भेटेल अशी आशा आहे. जोतीराव तर प्रश्न विचारूनच समोरच्याला उत्तरापाशी आणतात. हा विषय मी नाइलाजाने घेतला असे आता म्हणणार नाही, त्याच्यावर तो अन्याय होईल.

दुसऱ्या सत्रात ओपन इलेक्टिव्हची यादी पुन्हा निघेल. तत्त्वज्ञानाच्या मॅडमना उद्या भेटून विचारणार आहे की विषय सुरू व्हायला किती नावे लागतात, आणि यादी निघण्याआधी एखाद्या दिवशी आमच्या वर्गात येऊन त्या अर्धा तास बोलतील का. त्या येणार असतील तर धूर, अग्नी आणि लोखंडी गोळ्याचे उदाहरणच सांगा, अशी विनंती करीन. सांख्यिकीच्या मुलांना ते कळेल, याची मला खात्री आहे.