पवित्र शनिवार

ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की सांत्वनाला आलेली माणसे बहुधा थेट ईस्टरच्या पहाटेविषयी बोलू लागतात. ‘तो आता प्रभूजवळ आहे’, ‘देवाची योजना आपल्याला कळत नाही’ ही वाक्ये मी लहानपणापासून मालवणकडच्या आमच्या गावात ऐकत आले. माझा थोरला भाऊ पावसाळ्याच्या तोंडावर, मासेमारी बंद होऊन होड्या झापांखाली गेल्या होत्या त्या दिवसांत, हृदयविकाराने गेला आणि तीच वाक्ये मला उद्देशून बोलली गेली. त्यांत खोटे काही नव्हते. ती फार लवकर आली, एवढेच. येशू वधस्तंभावर मेला तो शुक्रवार आणि तो मेलेल्यांतून उठला तो ईस्टरचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवार असतो, आणि मला वाटते, शोकात सापडलेल्या माणसाचा मुक्काम बराच काळ त्या शनिवारीच असतो.

त्या शनिवारी चर्च स्वतःच गप्प होते, हे मी भावाच्या जाण्यानंतरच्या पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे पवित्र भाकरीच्या उपासनेनंतर, वेदीवरचे कापडसुद्धा काढून घेतात; घंटा त्या मिस्सातल्या गौरवगीतानंतर ज्या थांबतात, त्या शनिवारी रात्री पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीतच पुन्हा वाजतात; आणि मधल्या काळात पवित्र भाकर ठेवण्याची पेटी रिकामी असते व तिच्याजवळचा, एरवी अखंड तेवणारा दिवा विझलेला असतो. शनिवारी दिवसभर मिस्सा होत नाही. देव इथे आहे असे ज्या खुणांवरून आपण मानतो, त्या खुणा चर्च आपल्या हातांनी काढून ठेवते आणि भाविकांना त्या रिकामेपणात एक पूर्ण दिवस काढू देते. देव जाणवत नाही म्हणजे माझी श्रद्धाच संपली, असे मी तोवर समजत होते. पण त्या न जाणवण्यासाठी उपासनेच्या वर्षात एक दिवस राखून ठेवलेला आहे, हे दिसल्यावर त्या समजाला निदान तडा गेला.

शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, या दिवसाबद्दल फार थोडे लिहिले आहे. त्यांतल्या एकाचा लेखक लूक एवढेच सांगतो की येशूबरोबर गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी अरिमथाईकर योसेफाने त्याला ज्या कबरेत ठेवले ती पाहिली, घरी परतून सुगंधी द्रव्ये तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या शनिवारी, विसावा घेतला. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सुगंधी द्रव्ये मृतदेहासाठी असतात. म्हणजे रविवारी पहाटे त्या निघाल्या तेव्हा येशू उठला असेल अशी आशा त्यांच्यापाशी नव्हती. मार्क तर सांगतो की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील, याचीच त्यांना वाटेत चिंता होती. त्यांच्यापाशी होते ते प्रेम आणि उरलेले एक काम, आणि तेवढ्यावर त्या चालत गेल्या. प्रवचनांत या स्त्रियांचे कौतुक होते ते त्यांनी पुनरुत्थानाची वार्ता आणली म्हणून. मला मात्र त्या कबरेपर्यंतच्या वाटेवर अधिक जवळच्या वाटतात.

देवाकडे केलेल्या तक्रारीलाही बायबलमध्ये अशीच जागा आहे. स्तोत्रसंहिता या त्यातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील 150 स्तोत्रांपैकी विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, पण 88वे स्तोत्र वळत नाही; मित्र दुरावल्याचे सांगून ते अंधारातच संपते. तरीही ते आरंभापासून परमेश्वराला उद्देशून आहे. ज्याच्यावर रागावायचे तो ऐकत नाही असे ठाम वाटले असते, तर कोणी दिवसरात्र त्याच्याकडे गाऱ्हाणे कशाला घातले असते? वधस्तंभावर येशूने उच्चारलेला ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा 22व्या स्तोत्राचा आरंभ आहे. ते स्तोत्र पुढे स्तुतीने संपते, असे समजावून देणारे उपदेशक मला थोडे घाईचे वाटतात. त्या घटकेला शुभवर्तमानकार मार्कने आणि मत्तयने लिहून ठेवला तो प्रश्नच.

संतांची उदाहरणे शोकात फारशी कामाला येत नाहीत, उलट त्यांच्यापुढे आपण अधिकच खुजे ठरतो. मदर तेरेसांचे उदाहरण तेवढे निराळे. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा कित्येक दशके त्यांना अंतरात देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे जगाला कळले. प्रार्थना आणि सेवा मात्र थांबली नव्हती.

माझ्याकडून प्रार्थनाही थांबली होती. आमच्या घरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली जाई आणि तिची रचनाच अशी की ‘नमो मरिये’ या येशूच्या आईला उद्देशून पुन्हा पुन्हा म्हणायच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा व उरलेला अर्धा इतरांनी मिळून. त्या पावसाळ्यात शेजारची माणसे छत्र्या झटकत येऊन बसत, वहिनी किंवा एखादी वयस्कर बाई सुरुवात करी आणि माझ्या तोंडून उत्तराचा शब्द निघत नसे. पण उत्तर अडत नसे, कारण बाकीचे ते देत होते. हिंदू शेजारणी पेज आणून देत, ओट्यावर बसत आणि जाताना ‘देवाक काळजी’ म्हणून उठत. माझ्यापाशी नसलेला विश्वास तेव्हा त्या खोलीत होता, आणि देवाचे सान्निध्य म्हणून मला काही दाखवायचेच झाले, तर मी त्या संध्याकाळांकडे बोट दाखवीन. आता मीही एखादे रहस्य, म्हणजे रोझरीचा एक भाग, पुढे होऊन म्हणते. उत्तरातल्या ‘आमच्या मरणाच्या वेळी’ या शब्दांपाशी इतरांचा आवाज अजूनही माझ्या आधी पोहोचतो, आणि भाऊ इतक्या लवकर का गेला हे मी देवाला विचारायचे सोडलेले नाही.