परक्याच्या रानात, चिठ्ठी टाकून

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पोचल्या दिवशीच जावयांनी मला ताकीद दिली. "बाबा, कुंपणाच्या खांबाला नारिंगी रंग फासलेला दिसला की तिथंच थांबायचं. पुढं खासगी जमीन." मला हसू आलं. आमच्या शिरोळ तालुक्यात बांधाला रंग लावावा लागत नाही. चुकून पाय पडला तरी चुलतभाऊ कुठूनतरी उगवतोच.

लेक मिझूलाच्या विद्यापीठात शिकवते. सप्टेंबरचा मध्य होता. कुठंतरी लांब जंगल पेटलं होतं आणि त्याचा धूर आभाळात पातळ पसरला होता. शनिवारी पहाटे जावयांनी गाडीत गळाच्या काठ्या टाकल्या आणि आम्ही ब्लॅकफूट नदीच्या कडेकडेनं निघालो. वाटेत मिलटाउनला ही नदी क्लार्क फोर्क नदीला मिळते. तिथलं जुनं धरण २००८ मध्ये फोडलं, आता तिथं नुसतं वाहतं पाणी आहे. जन्मभर धरणं बांधताना पाहिलेल्या माणसाला ते बघून कसंसंच होतं.

पाण्यात उतरल्यावर मला पहिला प्रश्न पडला की दोन्ही काठ खासगी असताना आपण इथं उभे कसे? मोंटानात १९८५ सालापासून कायदा आहे. पुराचं नेहमीचं पाणी जिथवर चढतं, त्या खुणेच्या आत नदी सगळ्यांची. मात्र तिथवर जायला दुसऱ्याच्या रानातून वाट काढायची नाही, सार्वजनिक जागेवरून किंवा रस्त्याच्या पुलावरून उतरायचं. ब्लॅकफूटच्या खालच्या भागात जमीनमालक याच्याही पुढं गेले. जवळपास ३० मैलांच्या पट्ट्यात त्यांनी आपखुशीनं लोकांना काठावर ५० फुटांपर्यंत वावरायची मुभा दिली आहे. हे १९७० च्या दशकात ठरलं आणि अजून चाललंय.

जावयांच्या गळाला तासाभरानं एक मासा लागला. जबड्याखाली लाल रेघ, जणू कुणी कुंकवाचं बोट ओढलंय. त्याला कटथ्रोट म्हणतात. ओल्या हातानं गळ सोडवून त्यांनी तो परत पाण्यात सोडला. इथं बुल ट्राउट नावाचा दुसरा मासा आहे, तो संरक्षित. पाठीच्या परावर काळे ठिपके नसले की तोच समजायचा आणि मुकाट्यानं सोडायचा. माझ्या गळाला फक्त विलोची फांदी लागली, तीही दोनदा.

दुपारी ओव्हँडोला जावयांचे एक सहकारी भेटले. ओव्हँडो म्हणजे शंभरभरसुद्धा वस्ती नसलेलं गाव. या गृहस्थांना रानकोंबड्यासारख्या ग्राउस पक्ष्याची शिकार करायची होती आणि मी सोबत चालणार होतो. माझी आई माळकरी, आमच्या घरात अंडंही शिजलं नाही. बंदूक घेतलेल्या माणसामागून चालताना तिची फार आठवण झाली. त्यांनी मला नारिंगी बंडी घालायला लावली आणि अस्वलासाठी मिरचीच्या फवाऱ्याचा डबा कमरेला अडकवला. तो उलटा धरू नका, एवढंच प्रशिक्षण.

रानाच्या तोंडाशी खांबावर एक लाकडी पेटी. आत छापील चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव, तारीख, गाडीचा नंबर लिहून चिठ्ठी पेटीत टाकली की झालं. मालकाला भेटायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. याला 'ब्लॉक मॅनेजमेंट' म्हणतात. मालक शिकारीच्या हंगामापुरती जमीन उघडी ठेवतो, लोकांच्या वर्दळीचा मोबदला राज्याचं वन्यजीव खातं देतं, आणि तो पैसा बराचसा शिकारीच्या परवान्यांतून येतो. राज्यभर अशी सुमारे ७० लाख एकर जमीन खुली होते. सगळेच मालक असे नाहीत हं. बाहेरचे श्रीमंत येऊन कुरणं विकत घेतात आणि फाटकाला कुलूप ठोकतात, ही तक्रार मी चार दिवसांत चार जणांकडून ऐकली.

चालता चालता त्या गृहस्थांनी आणखी सांगितलं. १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवर कर बसतो, लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के, आणि तो वन्यजीवांच्या कामाला जातो. गळ-काठ्यांवरही १९५० पासून तसाच कर. म्हणजे मारणाराच राखणीचा खर्च उचलतो. हे मला पटलं असं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानंतर शिकार थांबली, ते बरंच झालं. पण मुळशी-पानशेतच्या उतारांवर फार्महाऊसचे प्लॉट पडले, त्यांना कुठल्या परवान्यानं थांबवलं?

दोन तासांत एक ग्राउस फडफडून उठला, बार झाला आणि पक्षी निघून गेला. मी मनात पांडुरंगाचे आभार मानले.

परतताना मालकच भेटला. सत्तरीचा, खोऱ्यात तिसरी पिढी, गायींमागून चारचाकी मोटारसायकलवर फिरत होता. मी शेतकऱ्याचा मुलगा म्हटल्यावर गडी खुलला. त्यानं आपल्या जमिनीवर 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' केलंय. मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं: सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कायमची नोंद, की या रानाचे तुकडे पडणार नाहीत, बिनशेती होणार नाही. मालकी त्याचीच, गायी त्याच्याच, विकायचा हक्कही त्याचाच. फक्त प्लॉट पाडायचा हक्क त्यानं सोडला आणि त्याची किंमत घेतली. कुणी किंमत न घेता करसवलत घेतं. राज्यातला असा पहिला करार १९७६ साली याच नदीकाठी झाला. प्रत्येक करारात लोकांना आत यायची मुभा असतेच असं नाही. याच्यात शिकारीची मुभा लिहिली होती.

पुढं १९९३ मध्ये इथल्या मालकांनी आणि सरकारी माणसांनी मिळून 'ब्लॅकफूट चॅलेंज' ही संस्था उभी केली. मेलेली गाय रानात पडून राहिली तर अस्वलं येतात, म्हणून संस्थेमार्फत ती उचलून नेतात. म्हातारा हे सांगत होता तेव्हा मला वाटलं, ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसलोय.

तरी मनात एक गोष्ट खुपत राहिली. 'खासगी' कुणाची? तीन पिढ्या म्हणजे फार नव्हेत. इथले मूळ रहिवासी सॅलिश लोक रानगव्यांच्या शिकारीला याच खोऱ्यातून पूर्वेकडं जायचे. १८५५ च्या हेलगेट करारानं अमेरिकी सरकारनं त्यांच्याकडून अफाट मुलूख घेतला. त्या कराराची पेटी खांबावर नव्हती. हे मी म्हाताऱ्याला विचारलं नाही. पाहुण्यानं किती विचारायचं.

दुसरंच विचारलं. "उद्या मुलांनी जमीन विकली तर?"

"विकू देत. कागद जमिनीबरोबर जातो."

फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, हा इथला नियम. आलो तेव्हा बंद होतं. तारांचं, काठ्या ओवलेलं फाटक, शेवटची काठी खेचून खांबाच्या फासात अडकवायची. मला ते जमेना. दोनदा फास निसटला, बोट चिमटलं, जावई गाडीतून उतरू लागले. म्हाताऱ्यानं लांबूनच हात करून त्यांना थांबवलं आणि मला खूण केली: काठीला खांदा लाव, मिठी मार, मग ओढ.

तिसऱ्यांदा बसलं.