‘लवकरच कळवू’ म्हणणाऱ्या प्रकल्पातून आम्ही बाहेर कसे पडलो

मानवत तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं सगळं दफ्तर एका मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरवर होतं. सभासदांचे शेअर, सोयाबीनची खरेदी, काटा पावती, शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायची रक्कम, सगळं त्यातच. त्याचं मराठी भाषांतर आम्ही केलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी काही पोरं-पोरी. परीक्षा संपली की बसायचं आणि ओळीमागून ओळ मराठीत आणायची. पावती छापणारा भागही इथंच लिहिला गेला. साध्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, त्यामुळे पावतीचं आधी चित्र करायचं आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मूळ प्रकल्पानं तो भाग आपल्यात घेतला, तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला होता.

२०२४ च्या सोयाबीन हंगामात, काट्यावर ट्रॅक्टरची रांग असताना, प्रकल्पाची पहिली घोषणा आली. जुन्या आवृत्तीची देखभाल मार्चअखेर बंद होणार होती. पाठोपाठ दुसरी आली: तसं काही ठरलेलं नाही. मग परवाना, म्हणजे कोड वापरायच्या अटी, बदलायचा विचार चालू आहे असं एका मुख्य मेंटेनरनं (कोड सांभाळणाऱ्यानं) ऑनलाइन बैठकीत सांगितलं, आणि दुसऱ्यानं ते तिथल्या तिथं नाकारलं. पुढं असं ठरलं की प्रकल्पाला कोड किंवा भाषांतर देणाऱ्या प्रत्येकानं त्याच्या हक्कांबद्दलच्या एका करारावर सही करायची. नंतर ती सही ऐच्छिक झाली. नंतर कराराचं पानच निघून गेलं. कारण विचारलं की उत्तर एकच, लवकरच कळवू.

त्याच हंगामात केंद्रानं हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनमधल्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. आमच्या पावतीत १२ चा आकडा कोडमध्येच पक्का बसवलेला होता. तो सेटिंगमधून बदलता यावा म्हणून आम्ही सुधारणा पाठवली. काम लहान होतं, तपासून दिलेलं होतं. ती कुणी नाकारली नाही आणि घेतलीही नाही. मंजुरी द्यायचा अधिकार कुणाकडे आहे, हेच मेंटेनरांमध्ये ठरत नव्हतं. शेवटी आमच्या सर्व्हरवर ती आमची आम्ही बसवली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. भाषांतर करणाऱ्यांतली एक मुलगी, गटातली सगळ्यात नेटकी, मला म्हणाली, “सर, परवाना बदलला तर आपण केलेलं कुणाचं होणार? ते कळेपर्यंत मी थांबते.” ती भांडली नाही, रागावलीही नाही. पुढच्या सुटीत बाकीच्यांपैकीही थोडेच आले. विश्वास असाच जातो, न बोलता. वरच्यांना वाटत राहतं की तक्रारी कमी झाल्या म्हणजे सगळं सुरळीत आहे.

आमच्याकडं जायकवाडीच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे लगेच समजेल. यंदा रब्बीची पाळी मिळणार नाही असं वेळेवर कळलं, तर माणूस गहू सोडून कमी पाण्याचं पीक घेतो. पाळीची तारीख पुढं पुढं ढकलली गेली, तर त्याला ना हे पेरता येतं ना ते.

सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस या मोफत लिनक्स प्रणालीचं उदाहरण मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. त्याच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील असं जाहीर होतं. ८ डिसेंबर २०२० ला कळवलं गेलं की ती २०२१ च्या अखेरीसच थांबेल. लोक संतापले, आणि ते रास्तच होतं, कारण दिलेल्या शब्दावर त्यांनी सर्व्हर उभे केले होते. पण निदान तारीख पक्की होती. तिच्या जागी मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आलं, जूनमध्ये रॉकी लिनक्स, आणि लोकांना कामाला लागता आलं. आमच्या हातात तारीखच नव्हती.

मग मी परवाना शांतपणे वाचून काढला. ज्यांना असं बाहेर पडायचं आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी. आमचं सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली होतं. त्या परवान्यानं दिलेले हक्क, अटी पाळल्या तर, मागे घेता येत नाहीत. म्हणजे प्रसिद्ध झालेला कोड आणि त्यातलं आमचं भाषांतर त्याच अटींवर कायम वापरता येणार होतं. शिवाय करारावर आमच्यापैकी कुणीच सही केलेली नव्हती, त्यामुळे आमच्या कामाचा हक्क आमच्याकडेच होता आणि तेवढ्या भागाचा परवाना आम्हाला न विचारता बदलता येत नव्हता. हे त्या मुलीला दाखवलं तेव्हा तिनं दोन-तीनदा खात्री करून घेतली.

त्यानंतर प्रकल्पाला लेखी तीन प्रश्न पाठवले. ही आवृत्ती कोणत्या तारखेपर्यंत सांभाळणार? परवान्याचा निर्णय कोण आणि कसा घेणार? आलेली सुधारणा किती दिवसांत घ्यायची की नाकारायची? उत्तर सौजन्यानं लिहिलेलं होतं, पण त्यात एकही तारीख नव्हती.

कंपनीच्या बैठकीत हे सगळं मांडलं. आमचे चेअरमन काका कापसातले जुने व्यापारी. ते म्हणाले, “बंद करायलेत का चालू ठेवायलेत, एवढं तरी सांगा म्हणावं. मंग आपलं आपण बघू.” तेही सांगितलं जात नाही म्हटल्यावर ठराव झाला.

तोवर काही जुन्या योगदानकर्त्यांनी फोर्क काढला होता, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प सुरू केला होता. नाव नवीन घ्यावं लागलं, कारण कोडच्या परवान्यात नावाचा हक्क येत नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्यांनाही लिब्रेऑफिस हे नवं नाव घ्यावं लागलं होतं. फोर्क दिसला की धावत जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आवृत्ती प्रसिद्ध करायच्या चाव्या एकाहून जास्त लोकांकडे आहेत का, डोमेन कुणाच्या नावावर आहे, एखाद्याची सूचना नाकारली तर कारण लिहून देतात का, एवढं पाहिलं. त्यांच्या नियमांत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा दाखला होता. जुलै २०१८ मध्ये तिचे जनक गिदो व्हॅन रॉसम यांनी अखेरचा शब्द देण्याची जबाबदारी सोडली. पुढं कारभार कसा चालावा यावर अनेक प्रस्ताव आले, मतदान झालं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडून आलं. त्या काळात अनिश्चितता होतीच, पण काय ठरायचं आहे आणि कोणत्या रीतीनं, हे कुणापासून लपवलेलं नव्हतं.

प्रत्यक्ष स्थलांतर खरेदी आटोपल्यावर केलं. डेटाबेसचा बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशिनवर उतरवून खरंच उघडतो का हे पाहिलं, जुन्या-नव्या दोन्हींकडून त्याच पावत्या छापून रकमा ताडल्या. सभासदांच्या नावांतली जोडाक्षरं डोळ्यांनी तपासली. भाषांतराच्या फाइल जशाच्या तशा चालल्या.

मुलं-मुली मात्र फाइलींसारखी उचलून नेता आली नाहीत. काही परत आली, काहींनी हे काम कायमचं सोडलं. ती मुलगी आली, पण आता कोणतीही ओळ हातात घेण्याआधी आवृत्तीची तारीख विचारते, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं.

नव्या गटात माझी पहिलीच मोठी सूचना नाकारली गेली. पावतीचं चित्र सर्व्हरवरच तयार करावं असं माझं म्हणणं होतं. दहाव्या दिवशी लेखी उत्तर आलं: खेड्यात नेट गेलं की पावती थांबेल, म्हणून ते काम मोबाइलमध्येच राहील, आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत हा विषय पुन्हा घेणार नाही. खाली निर्णय घेणाऱ्यांची नावं होती. मला ते पटलं नव्हतं. तरी त्याच आठवड्यात मोबाइलमधल्या छपाईचं काम मी माझ्याकडे मागून घेतलं.