वाळू आपली, खुर्ची त्यांची

रविवार, 17 ऑगस्ट. फ्लिक आँ फ्लाक, मॉरिशस.

रात्रीचे साडेनऊ, म्हणजे ठाण्यात अकरा. आई गुडघ्यांना बाम चोळून कधीच झोपली. बाथरूममध्ये दोघींच्या चपला उलट्या करून झटकल्या तर फरशीवर दोन रंगांची वाळू पडली, पांढरी आणि कॉफीसारखी तपकिरी. झोपण्याआधी आजचं लिहून टाकते, नाहीतर उद्या सगळे किनारे एकमेकांत मिसळतील.

खरं तर आज होडीतून फिरायचं होतं. वारा फार म्हणून ती फेरी रद्द झाली. पैसे परत मिळतील म्हणाले, कधी ते काही बोलले नाहीत. मोठ्या बसची सहल होती, पण पंचवीस माणसं, सात थांबे, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. आईला बसमधून उतरायलाच पाच मिनिटं लागतात. म्हणून दिवसभरासाठी स्वतंत्र गाडी घेतली. चालवणारा आणि दाखवणारा माणूस एकच. साडेतीन हजार मॉरिशस रुपये ठरले, आपल्या हिशेबात साडेसहा हजारांच्या वर. महागच, पण आई चौऱ्याहत्तरची आहे आणि पुन्हा इथे येणं व्हायचं नाही.

सकाळी साडेआठला दादा हजर. पन्नाशीचे, सावळे, इस्त्रीचा शर्ट. मी फोनवर करून ठेवलेली यादी पुढे केली, सात किनाऱ्यांची. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मग मान वर करून सुरूच्या शेंड्यांकडे पाहिलं. सुरू इथे जागोजागी आहे, त्याला फिलाओ म्हणतात. "पूरब आज बंद," म्हणाले. हिंदी सिनेमातली हिंदी. ऑगस्टात इथे हिवाळा, आग्नेयेकडून वारा सुटलेला असतो. पूर्वेच्या किनाऱ्यावर वाळू तोंडात जाते आणि पश्चिमेला पान हलत नाही. यादीतले तीन किनारे तिथल्या तिथे गेले. मला ते अजिबात आवडलं नाही. पैसे आपण मोजायचे आणि यादी त्यांनी कापायची!

गाडी सुरू झाल्यावर आईने तिचा नेहमीचा प्रश्न टाकला, "आडनाव काय तुमचं?" सांगितलेलं आडनाव ऐकून ती म्हणाली, "हे तर नाव झालं." बरोबरच होतं. इथे मजूर म्हणून आणलेल्या माणसाचं नाव कागदावर जसं लिहिलं गेलं, तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. यांच्या पणजोबांचे वडील मुंबईहून जहाजात चढलेले. त्याआधीचं गाव कुठलं ते घरात कुणाला माहीत नाही. मग आरशात बघत, एकेक शब्द जपून ठेवत ते मराठीत म्हणाले, "माताजी, आपण कशा आहात? आपला प्रवास सुखाचा झाला का?"

आई माझ्याकडे वळून हळूच, "गो, हा पुस्तकातलं बोलतोय."

पुस्तकातलंच होतं. इथे प्राथमिक शाळेत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्यासारखी मराठीही घेता येते. त्यांनी सहा वर्षं घेतली होती. देवनागरी वाचता येते, निबंध लिहिलेत, पण घरात सगळे क्रेओल बोलतात, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली. मराठीत चहा मागायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसणार.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. तोडणी चालू आहे. उसाच्या शेतांत मध्येच काळ्या दगडांच्या राशी रचलेल्या, काही तर घराएवढ्या. हे ज्वालामुखीचं बेट, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा म्हणून मजुरांनी ते हाताने वेचून काढले. 1834 पासून साधारण 1920 पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं हिंदुस्थानातून इथे आली, बरीचशी कलकत्त्याहून, काही मद्रासहून, थोडी मुंबईहून. त्या थोड्यांत कोकणातली माणसं होती. आई राशी मोजायला लागली. तेवीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिल्या.

पहिला थांबा तामारें. नाव चिंचेवरून आलंय. इथली वाळू गडद, आणि पोरं फळ्या घेऊन लाटांवर उभी. दादांनी सांगितलेली गोष्ट मला आवडली, कारण त्यानंतर दिवसभर समुद्र वेगळा दिसायला लागला. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळांची भिंत आहे. लाटा त्या भिंतीवर, लांब आत फुटतात. भिंतीच्या अलीकडे उरतं ते निळं, उथळ, निवांत पाणी. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही. म्हणून जिथे नदी समुद्राला मिळते तिथे भिंतीत खिंड पडते आणि लाट थेट किनाऱ्यापर्यंत येते. तामारेंला नदी आहे, म्हणून लाटा आहेत. आणि पांढरी वाळू म्हणजे मोडलेलं प्रवाळ, त्यातलं बरंचसं पोपटमाशाने चावून, पचवून बाहेर टाकलेलं.

"म्हणजे माशाची शी?" आई.

"होय माताजी."

आईने पाय उचलून तळवा बघितला.

गावाला लागून मिठागरं आहेत, काळ्या दगडांच्या बांधांचे चौकोन. भांडुपच्या पुढे लोकलमधून दिसायची तशीच. पूर्वी बायका डोक्यावरून मीठ वाहायच्या म्हणे.

मग ल मोर्न. समुद्रात घुसलेला 556 मीटरचा उभा कातळ आणि त्याच्या पायथ्याशी फोटोत असतो तसला किनारा. मालकाकडून पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहायचे. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली; ती बातमी सांगायला शिपाई वर चढले तेव्हा धरायलाच आले असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं सांगतात. 2008 पासून डोंगर जागतिक वारसा यादीत आहे. पायथ्याच्या स्मारकाशी थांबलो. दादा तिथे काही बोलले नाहीत, गाडीची किल्ली बोटात फिरवत उभे राहिले. नंतर एवढंच म्हणाले, की ते गेले म्हणून आम्हाला आणलं.

किनाऱ्यावर पोचलो तर जत्रा. रविवार ना! सुरूच्या बनात एकेका कुटुंबाची चादर, बिर्याणीचं पातेलं, कुणी ढोल तापवतंय, कुणी आजीला दोरीच्या खाटेवर निजवलंय. आईने झाडाखाली चटई टाकली आणि पंधरा मिनिटांत तिच्या तोंडावर ऊन. सरकली, पुन्हा ऊन. शेवटी लक्षात आलं की आपण विषुववृत्ताच्या खाली आलोय. इथे या दिवसांत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. आई आयुष्यभराच्या सवयीने झाडाच्या चुकीच्या बाजूला बसली होती. सूर्याने बाजू बदलली हे काही तिला पटलं नाही. "आपलीच चटई वाकडी असेल," म्हणाली.

दुसरी तक्रार ओहोटीची. गुहागरला ओहोटी लागली की समुद्र कुठल्या कुठे मागे जातो, ओल्या वाळूवर शिंपल्या-खेकडे, चालून चालून दमायला होतं. इथे भरती-ओहोटीत जेमतेम हात-दीड हाताचा फरक. आईने दोनदा पाण्याकडे पाहून घेतलं. "हा मागे जातच नाही. आवाज नाही, वास नाही. टाकीतलं पाणी नुसतं." मी एवढ्या लांब हौसेने आणलं होतं, मला राग आला. पण खोटं नव्हतं. लांब भिंतीवर लाटा फुटताना पांढरी रेघ दिसत होती, आणि इथे पायाशी पाणी बशीतल्यासारखं.

पुढे एका बड्या हॉटेलचा पट्टा लागला. पांढऱ्या छत्र्या, गाद्यांच्या खुर्च्या, टोपीवाला रखवालदार. मी आपली सवयीने वळायला लागले, तर दादा आम्हाला मुद्दाम त्याच्यासमोरून घेऊन गेले. फ्रेंचांच्या काळापासून भरतीच्या रेषेच्या आत पन्नास 'पा जेओमेत्रिक', म्हणजे 81.21 मीटरची पट्टी सरकारची. हॉटेलं, बंगले तिच्यावर भाडेपट्ट्याने उभे आहेत, आणि वाळूवर कुणालाही चालता येतं. हे सांगताना त्यांचा आवाज रखवालदाराला ऐकू जाईल इतका वाढला होता. आईला तोवर चालवेना, ती सरळ एका गादीवर टेकली. रखवालदार निघाला. दादांनी आईचा हात धरून तिला उठवलं, स्वतःचा पंचा वाळूवर पसरला, तिला त्यावर बसवलं आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "माताजी, वाळू आपली आहे. खुर्ची त्यांची आहे." रखवालदार दोन पावलांवर थांबला. मग ते दोघे क्रेओलमध्ये हसून काहीतरी बोलले. त्याच्या मामाकडचे कुणी यांच्या ओळखीचे निघाले.

जेवण रस्त्याकडेच्या गाडीवर. ढोल पुरी, म्हणजे डाळीचं सारण भरलेल्या पातळ पोळ्या, दोन-दोन, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी आणि मिरचीची चटणी. आईने पहिला घास खाऊन जाहीर केलं, "बिनगुळाची पुरणपोळी." तीन खाल्ल्या.

जेवताना दादांनी फोन काढला. चतुर्थी दहा दिवसांवर आली, तिची इथे सरकारी सुट्टी असते. गेल्या वर्षीचा व्हिडिओ होता: पत्र्याचा मंडप, ढोलकी, आणि गोल फेर धरून नाचणारे पुरुष, पायांत चाळ. "झाकरी," ते म्हणाले.

आईने फोन त्यांच्या हातातून घेतला. चष्मा वर ढकलून स्क्रीन नाकाशी धरली. "झाकरी काय, जाखडी! गो, जाखडी आहे ही! बाल्या नाच!" तिचा मामा नाचायचा. मुंबईत गिरणीत होता, चतुर्थीला रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून गावाला यायचा. व्हिडिओ तिने चार वेळा पाहिला. पाय कुठला आधी पडतो यावर तिचं आणि दादांचं एकमत होईना, तर बसल्या बसल्या तिने टेबलाखाली पाय आपटून दाखवला, बामवाला गुडघा विसरून. पुरीवाली बाई हातातला झारा तसाच धरून बघत राहिली.

त्यानंतर माझी यादी संपलीच. आई पुढे दादांशेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि मी मागे. माकोंदेचं वळण लागलं, समुद्राला अगदी खेटून जाणारा रस्ता आणि वर चढायला पायऱ्या. मी एकटी जाऊन आले. खाली गाडीत शिकवणी चालू होती. "'आपण कशा आहात' नाही म्हणायचं. म्हणायचं, काय गो आये, बरी हायस ना?" ते घोकत होते. 'हायस' जमत होतं, 'गो' ला मात्र उगाच जोर द्यायचे.

शेवटी सुयाकजवळचं ग्री ग्री. इथे प्रवाळाची भिंत नाही, म्हणून मधलं निळं पाणीही नाही. काळा कडा, त्याच्याखाली थेट हिंद महासागर. पोहायला मनाई असल्याची पाटी. गाडीचं दार उघडताच तो आवाज आला, घुमणारा, छातीत बसणारा. आई कड्याच्या कठड्यापाशी गेली. पदर वाऱ्याने डोक्यावरून उडाला तो तिने आवरला नाही. लाट खालच्या खडकावर आदळायची, फेस वर उडायचा, तिच्या चष्म्यावर खारे थेंब. हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी फोटो काढायला फोन उचलला आणि तसाच खाली केला. वीस मिनिटं झाली, दादा घड्याळ बघेनात. मीच बघत होते, कारण आणखी एक किनारा राहिला होता.

तो राहिलाच. परत येईतो सहा वाजले, फ्लिक आँ फ्लाकला सूर्य बुडत होता. दादांनी सुरूच्या बनापलीकडची जागा दाखवली. इथे गणपती विसर्जनाला आणतात. त्यांच्या घरचा दीड दिवसाचा. "आमचाही दीड दिवसाचाच," आई म्हणाली, जणू त्यावरून काहीतरी सिद्ध झालं. गावातल्या घरात तिची जाऊ बसवते. परतीचं विमान बुधवारी आहे ते त्याच्यासाठीच.

पैसे देताना मी चार हजार दिले. त्यांनी पाचशे परत केले, एक किनारा झाला नाही म्हणून. मी नको म्हटलं, ते नको म्हणाले, शेवटी आईने ते पाचशे घेऊन त्यांच्या डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीपुढे ठेवले आणि दोघांनाही गप्प केलं.

आत्ता फोन वाजला. दादांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला आहे, मागे टीव्ही चालू आणि कुणीतरी पोरगं खिदळतंय. "काय गो आये, बरी हायस ना?" 'गो' वर अजून जोर आहे. आईला सकाळी ऐकवते.