ओळंबा आणि अस्तर

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस पाटी दोनदा वाचतो. वर 'घरदुरुस्तीची कामे', खाली 'हाताने शिवलेली जॅकेटं, गोधड्या, पिशव्या'. मग विचारतो, इथे दोन दुकानं आहेत का? दुकान एकच आहे. मिस्टर घरं दुरुस्त करतात, मी शिवते, आणि हिशेबाची वही दोघांत एक.

सुरुवात 2009 साली आमच्याच खोलीपासून झाली. लालबागची दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. मिस्टर तेव्हा एका ठेकेदाराकडे रोजावर सुतारकाम करायचे. दर रविवारी थोडं थोडं करत त्यांनी लोखंडी चॅनलवर पोटमाळा घातला, मोरी उकरून नव्याने बांधली. माळ्यावर ताठ उभं राहता येत नाही, पण मशीनवर बसता येतं. म्हणून सासऱ्यांनी घेतलेलं पायमशीन वर गेलं. बेतायचं काम मात्र रात्री जेवणं उरकल्यावर खालच्या लादीवर. माळा बघायला शेजारी आले आणि मिस्टरांना पहिली तीन कामं आमच्याच चाळीतून मिळाली.

सासरे गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पण हातातलं कापडाचं ज्ञान कुठे जाणार? त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, तिच्यावर माझा धंदा उभा आहे. कापड दुकानदाराने कात्रीने कापलंय त्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही. एक आडवा धागा ओढून काढायचा, त्याची जी रेष उमटेल तिच्यावर कात्री चालवायची. मिस्टर ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडतात ते त्याच कारणाने. जुन्या चाळीतली भिंत डोळ्यांना सरळ दिसते, ओळंबा लावला की खाली बोटभर फरक निघतो. कपाट भिंतीच्या भरवशावर केलं तर दारं कधीच नीट लागत नाहीत.

पहिलं जॅकेट खणाचं. एका घराच्या पडद्यांसाठी आणलेलं कापड उरलं होतं. खण मुळात चोळीचं कापड, कर्नाटकात गुळेदगुड्डला विणलं जातं. पन्हा अरुंद, म्हणून बिनबाह्यांच्या जॅकेटलाही सव्वादोन मीटर लागतं, आणि पाठीवरची बुट्टी जुळवताना कतरण बरीच पडते. त्या कतरणीच्या पिशव्या, बटवे, दारावरची तोरणं होतात. खण नेहमीच्या ठरलेल्या माणसाकडून घेते, अस्तर मंगलदास मार्केटचं, बटणं आणि लेस भुलेश्वरची. काज हाताने करते. एका जॅकेटला दोन दिवस जातात.

2014 च्या गणपतीला बारा जॅकेटांची ऑर्डर मिळाली. घाई होती म्हणून अस्तर न भिजवता लावलं. पहिल्याच धुण्यात सुती अस्तर आटलं आणि खणाला जागोजागी चुण्या पडल्या. चूक सर्वस्वी माझी होती. बाराच्या बारा परत आणली, उसवली, नवं अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून लावलं. त्या महिन्यात घरात पैसा आला तो मिस्टरांच्या कामाचाच. तेव्हापासून आमच्याकडे अस्तर रात्रभर पाण्यात राहतं, ऑर्डर कितीही घाईची असो.

मिस्टरांच्या कामात त्या अस्तराच्या जागी वॉटरप्रूफिंग. लोक लादी निवडायला दोन-दोन रविवार घालवतात आणि लादीखाली काय घालणार हे विचारतही नाहीत. कोबा, म्हणजे लादीखालचा सिमेंटचा थर, झाला की आम्ही मोरीत पाणी भरून ठेवतो, पातळीवर पेन्सिलीने खूण करतो आणि खालच्या घरी जाऊन छत बघून येतो. गिऱ्हाईक म्हणतं, दोन दिवस फुकट जातात. जाऊ देत. या एका मुद्द्यावर आम्ही कामं सोडलेली आहेत, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

दोन्ही धंदे ठेवले ते पावसामुळे. दिवाळीनंतर घरांची कामं सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत मिस्टरांना उसंत नसते. जूनपासून भिंती ओल धरतात, पुट्टी वाळत नाही, कामं थांबतात. नेमकं तेव्हाच गणपती-दिवाळीचं शिवण सुरू होतं. त्या महिन्यांत मिस्टरच माझं कटिंगचं टेबल दुरुस्त करतात, मार्केटातून कापड आणतात. एका धंद्यावर आमची दोन मुलं शिकली नसती.

2020 च्या गुढीपाडव्याला लॉकडाऊन लागलं आणि दोन्ही धंदे एकदम बसले. कतरणीचे मास्क शिवून तेव्हाचे महिने काढले.

त्यानंतरचं एक काम मी विसरणार नाही. परळला एका घराचा जुना माळा उतरवताना पत्र्याची ट्रंक निघाली. आत आजींची चार लुगडी. घरातले भंगारात द्यायला निघाले होते, मिस्टरांनी मला फोन केला. नऊवारीचं कापड बसायच्या जागी विरतं, पदराकडे शाबूत असतं. विरलेला भाग गोधडीच्या पोटात घातला, चांगल्या भागातून धावदोऱ्याने तीन भावंडांना तीन जॅकेटं केली. धाकटी बहीण जॅकेट नाकाला लावून कितीतरी वेळ उभी होती. त्या दिवशी पैसे मागायला माझी जीभ उचलेना, तिनेच पाकीट मशीनवर ठेवलं.

जॅकेटची किंमत 2800 सांगितली की हिंदमाताच्या कापडबाजारात 700 ला मिळतं, असं ऐकवतात. मी जॅकेट उलटं करून आतली शिवण दाखवते. काही घेतात, काही जातात.

आता माझ्याबरोबर चार बायका शिवतात, मिस्टरांकडे एक गवंडी आणि दोन सुतार आहेत. शिवडीला एका घराच्या मोरीत कालपासून पाणी भरून ठेवलंय. उद्या सकाळी खूण आहे तिथेच पाणी असलं तर लादी बसेल. त्याच घरातल्या वहिनींचं जॅकेट माझ्या मांडीवर आहे, सहा काजं राहिलीत.